आधी गाडीचं गणगोत, मग मिस्त्री

जुनी स्पोर्ट्स कार घरी आली की कौतुकाचे चार दिवस सरतात आणि खरा प्रश्न समोर येतो: हिच्या इंजिनाला हात लावू द्यायचा तो कुणाला? नव्या गाडीमागे कंपनीचं सर्व्हिस सेंटर असतं. १९५७ सालच्या एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमागे कुणीच नसतं. ती जिथे जुळली, तो इंग्लंडातल्या ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्येच बंद पडला. मग मालक ‘व्हिंटेज गाड्यांचा मिस्त्री’ शोधत फिरतो. पुण्या-मुंबईत असे कारागीर आहेत आणि त्यांचं काम बघत राहावं असं असतं. पण ते मोजके आहेत, त्यांच्या शेडमध्ये आधीच गाड्या उभ्या असतात, आणि दर महिन्याच्या बारीकसारीक कामांसाठी त्यांच्या दारात जाऊन बसणं कुणालाच परवडत नाही.

माझ्या मते हा शोध उलट्या टोकाकडून सुरू होतो. आधी मिस्त्री शोधू नये, आधी गाडीचं गणगोत शोधावं. तिचं इंजिन, कार्बोरेटर, डायनामो, ब्रेक आणखी कुठल्या साध्यासुध्या गाडीत बसवलेले होते? ती साधी गाडी ज्यांनी जन्मभर दुरुस्त केली, ते लोक तुमच्या शहरात आहेत. त्यांनी कदाचित एमजीए कधी पाहिली नसेल, पण तिचं इंजिन त्यांनी अनेकदा उघडलेलं आहे.

या शोधासाठी पुण्यातल्या स्वारगेटसारखी जागा नाही. जेधे चौकात उभं राहिलं की एका बाजूला एसटी स्थानक, शंकरशेठ रस्त्याच्या तोंडाशी पीएमपीचं मुख्यालय आणि आगार, थोडं पुढे गुलटेकडीचा मार्केट यार्ड. शंकरशेठ रस्त्याने पुढे गेलं की सेव्हन लव्हज चौक, टिंबर मार्केट, भवानी पेठ, आणि तिथून आत वळलं की सुट्या भागांच्या दुकानांनी भरलेली नाना पेठ. दक्षिणेला सातारा रस्ता कात्रजकडे निघतो. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. पुढच्या काळात शहर बसगाड्या, मार्केट यार्डातले ट्रक, टेम्पो, टॅक्सी आणि रिक्षा यांच्या पोटापाण्याच्या गरजेतून या पट्ट्यात आणि लगतच्या पेठांत कारागिरांची एक साखळीच उभी राहिली. रेडिएटर उघडून नळ्या साफ करणारा, पाटे ठोकून त्यांना पुन्हा बाक आणणारा, डायनामो आणि सेल्फ बांधणारा, ब्रेक शूवर लायनिंग मारणारा, सिलिंडर बोअर करणारा लेथवाला. यातलं एकही दुकान शौकिनांच्या गाड्यांसाठी उघडलेलं नाही. गाडी उभी राहिली की त्या दिवसाचा रोजगार बुडतो, अशा माणसांसाठी ती उघडली. म्हणून तिथे दुरुस्तीची संस्कृती आहे. भाग बदलण्याआधी तो वाचतो का, हे तिथला माणूस पाहतो. जुन्या गाडीला नेमकी हीच नजर लागते.

आता गणगोताकडे. एमजीए १९५५ मध्ये बाजारात आली. तिच्या लांब, उतरत्या बॉनेटखाली १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन होतं: सिलिंडरचा व्यास ७३.०२५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ८८.९ मिलिमीटर. हेच आकडे उत्तरपाड्याच्या अँबॅसिडरच्या पेट्रोल इंजिनाचेही आहेत. कारण दोन्ही इंजिनं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या एकाच घराण्यातली. ज्या इंजिनाने आपल्याकडे कलेक्टरांना दौरे घडवले, लग्नाची वऱ्हाडं वाहिली, टॅक्सीचे मीटर फिरवले, तेच इंग्लंडात जोड कार्बोरेटर घेऊन शर्यतीला उभं होतं. फरक आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. एमजीएचं हेड निराळं, कॅमशाफ्ट निराळा, कॉम्प्रेशन जास्त, आणि एकाऐवजी दोन एसयू कार्बोरेटर. अँबॅसिडरचा पिस्टन डोळे मिटून एमजीएत घालता येत नाही, प्रत्येक भाग मोजूनच घ्यावा लागतो. पण इंजिन उतरवायचं कसं, टायमिंगच्या खुणा कुठे जुळवायच्या, टॅपेट कोणत्या क्रमाने लावायचे, मागच्या बाजूने तेल का गळतं आणि किती गळू द्यायचं, हे ज्ञान एकच आहे. एसयू कार्बोरेटरही अँबॅसिडरवाल्याच्या ओळखीचा. दोन कार्बोरेटर एकमेकांशी जुळवणं हे एवढंच त्याला नवं. त्यासाठी रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून हवेचा आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा असतो. ज्याने पूर्वी एक कार्बोरेटर कानाने लावला, तो दुसराही लावतो.

असाच धागा पद्मिनीचा. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात फियाट ११०० बनवली, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. तिचं १०८९ सीसीचं इंजिन इटलीतल्या फियाट ११००चं, आणि त्याच ११००च्या इंजिनावर दुसऱ्या महायुद्धानंतर सिसितालिया २०२ ही छोटी स्पोर्ट्स कार उभी राहिली. पिनिनफरिनाने घडवलेल्या तिच्या अंगाची एवढी थोरवी, की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ती आपल्या संग्रहात ठेवली आहे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पण ती बांधणारे हात एका रात्रीत जात नसतात. इटालियन जातीची जुनी गाडी ज्याच्याकडे असेल, त्याने पद्मिनीचे मिस्त्री हातात पाना धरताहेत तोवर त्यांना गाठावं.

तिसरं नातं मद्रासचं. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने १९६१ पासून दहा वर्षं तिथे हेराल्ड गाडी बनवली. ही मुळातली ट्रायम्फ हेराल्ड. ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन माणसांची नखरेल गाडी याच हेराल्डची चासी आखूड करून घडवली. हेराल्डच्या पुढच्या चाकामागचा जोड इतका हलका आणि चिवट निघाला, की लोटससारख्या शर्यतवेड्या कंपनीनेही तो आपल्या एलान गाडीसाठी वापरला. एखाद्या वाड्याच्या मागच्या अंगणात गंजत पडलेली स्टँडर्ड हेराल्ड भंगारात जाताना दिसली, तर स्पिटफायरच्या मालकाने ती थांबवावी. तिच्यातून काय काय निघेल याचा हिशेब दहा मिनिटांत होत नाही.

काही गाड्यांना मात्र इथे सख्खं कुणी नाही. एमजीची टी मालिका, विशेषतः १९४५ ते १९४९ची टीसी आणि तिच्यानंतरची टीडी, या त्यातल्या. त्यांच्या १२५० सीसी इंजिनात एक चमत्कारिक भानगड आहे. नटबोल्टांची डोकी व्हिटवर्थ मापाची, पण आटे मेट्रिक. याला इतिहास आहे. एमजी ज्या घराण्यातून निघाली त्या मॉरिसने १९२३ मध्ये कोव्हेंट्रीचा हॉचकिस कारखाना विकत घेतला. हॉचकिस मूळची फ्रेंच, तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी. यंत्रं बदलणं महाग पडलं असतं, आणि इंग्रज मिस्त्र्यांच्या पेटीत पाने व्हिटवर्थचे. म्हणून आटे फ्रेंच राहिले आणि डोकी इंग्रजी झाली. ज्याला हे माहीत नाही तो मिस्त्री तुटलेल्या बोल्टाच्या जागी आट्याला जवळपास बसणारा दुसरा बोल्ट जोर लावून घुसवतो आणि ब्लॉकचे आटे कायमचे जातात. टी मालिकेच्या मालकाने गाडी गॅरेजात न्यायच्या आधी ही गोष्ट स्वतः मिस्त्रीला सांगावी. सांगताना त्याच्या चेहऱ्याकडे बघावं. ज्याचे डोळे चमकतात, त्याच्याकडे गाडी ठेवावी.

पान्यांच्या पेटीवरून माणूस बराच कळतो. एमजीए आणि अँबॅसिडरला इंची पाने लागतात. १३ नंबरचा मेट्रिक पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसल्यासारखा वाटतो, पण त्यात फट राहते, आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात. इंची पान्यांचा पूर्ण जोड जपून ठेवलेला मिस्त्री दिसला, तर त्याने या गाड्यांवर आयुष्य काढलेलं आहे. नसेल तर तुम्हीच एक जोड घेऊन त्याच्याकडे ठेवा. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी, हत्यारांच्या ढिगात चांगले इंची पाने निघतात.

बाकीच्या खुणा कामातून दिसतात, बोलण्यातून नाही. पहिल्याच भेटीत इंजिन उतरवायला देऊ नये. आधी टॅपेट लावायला द्यावेत, प्लग-पॉइंट बघायला द्यावेत, ब्रेकची तपासणी द्यावी. चांगला मिस्त्री गाडी उघडण्याआधी ती चालवून बघतो, किंवा निदान थंड इंजिन सुरू करून ऐकतो. काढलेला जुना भाग तो न मागता परत देतो. पॉइंटची फट डोळ्याच्या अंदाजाने न लावता गेजची पट्टी घालतो. आणि सगळ्यात मोठी खूण: तो म्हणतो, ‘हे माझं काम नाही, हे त्या लेथवाल्या चाचांकडे न्या.’ जो माणूस आपल्याला सगळंच येतं असं म्हणतो, त्याच्यापासून जुनी गाडी लांब ठेवलेली बरी. आपणही त्याला घाई लावू नये आणि ठोक रकमेत बांधू नये. जुन्या गाडीत एक नट सुटायला अर्धा दिवस जातो. दिवसाच्या हिशेबाने मजुरी ठरवली तर तो अर्धा दिवस तो शांतपणे देतो. ठोक रक्कम ठरली तर छिन्नी काढतो.

लेथवाल्याचं काम समजून घेण्यासारखं आहे, कारण तिथे चूक झाली तर ती परत फिरवता येत नाही. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं मिसळत. ते इंजिनाचा ठोका दाबायचं, शिवाय एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट यांच्यामध्ये शिशाचा पातळ थर बसायचा आणि तो दोघांनाही झिजू देत नसे. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. एमजीए किंवा अँबॅसिडरच्या बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीट सरळ बिडातच कापलेल्या असतात. शिशाचा थर गेला, की लांबच्या वेगवान प्रवासात तापलेला व्हॉल्व्ह त्या बिडाला खाऊ लागतो आणि हळूहळू हेडमध्ये रुतत जातो. याचं लक्षण चटकन लक्षात येत नाही: टॅपेटची फट वाढण्याऐवजी कमी कमी होत जाते आणि टॅपेटचा आवाज उलट शांत होतो. मालक खूश होतो आणि इंजिन मरायला लागतं. यावर उपाय म्हणजे हेड उतरवून जुन्या सीटच्या जागी खोबण कापायची आणि कडक पोलादाच्या रिंगा दाबून बसवायच्या. खोबण किती खोल आणि रिंग किती घट्ट, हा अंशाअंशाचा हिशेब आहे. ट्रकची हेडं वर्षानुवर्षं केलेला लेथवाला हे काम जाणतो, कारण डिझेल इंजिनांत अशा रिंगा नेहमीच्याच. संथ, कधीमधी निघणाऱ्या गाडीला याची घाईही नसते. ‘अजून दोन वर्षं बघू’ असं सांगणारा लेथवाला भेटला, तर त्याचं ऐकावं.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबरी नळ्या फुगवतं, टाकीतला जुना राळेसारखा थर सोडवून कार्बोरेटरमध्ये आणतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, म्हणजे एसएई जे३० आर९ दर्जाच्या घालून घ्याव्यात, आणि गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये. शिवाय इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडतं. एसयू कार्बोरेटरच्या तळाचा नट फिरवून जेट किंचित खाली आणलं की ते सुधारतं.

विजेच्या कामात एकच गोष्ट ठणकावून सांगायची. एमजीएसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या नेमकं उलट. एमजीएत सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि वायरमनने सवयीने ऋण टोक बॉडीला जोडलं, की डायनामो आणि बॅटरीचे ध्रुव जुळत नाहीत. बॅटरीच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. डायनामो मात्र स्वारगेट-भवानी पेठेच्या पट्ट्यात बांधून मिळतो, कारण लुकासच्या नमुन्याचे डायनामो मद्रासजवळच्या पाडीला लुकास-टीव्हीएसने आपल्याकडेच बनवले आणि जुन्या रिवाइंडिंगवाल्यांना ते तोंडपाठ आहेत.

कायद्यानेही आता मिस्त्रीच्या हातावर बरंच काही सोपवलं आहे. केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते, पण अट अशी की ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नकोत. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, नोंदणी दहा वर्षांची, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. म्हणजे एखाद्याने सोय म्हणून एमजीएत डिझेल इंजिन बसवलं, तर गाडी चालेल, पण व्हिंटेज राहणार नाही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, फिवाने, २०१२च्या ट्युरिन सनदेत हेच सांगितलं: जितकं मूळचं वाचेल तितकं वाचवा, आणि जे बदललं त्याची नोंद ठेवा. या सनदेचा मथितार्थ एका पानावर मराठीत लिहून मिस्त्रीच्या भिंतीला लावला, तर तो कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा उपयोगी पडेल.

दुरुस्तीनंतरची परीक्षा सातारा रस्त्यावर होते. सकाळी लवकर निघून जुन्या कात्रज घाटाने चढावं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात, कमी वेगात, हवा कमी आणि भार जास्त: रेडिएटर, पंखा, पंप, क्लच सगळे तिथे बोलतात. घाटमाथ्यावर थांबून तापमानाचा काटा बघावा, बॉनेट उघडून वास घ्यावा. शक्यतो मिस्त्रीला शेजारी बसवून न्यावं. घाटात जो आवाज तो स्वतः ऐकेल, तो तुम्ही गॅरेजात सांगून त्याला कळणार नाही.

हाच रस्ता पुढे महाराष्ट्राच्या इंजिनविद्येकडे जातो. साताऱ्यात कूपरची ऑइल इंजिनं, सांगली जिल्ह्यात १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी, आणि कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर, जिथे शेतीपंपांची इंजिनं दुरुस्त करता करता ओतशाळा उभ्या राहिल्या. जगात कुठेच न मिळणारा वॉटर पंपचा सांगाडा किंवा एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड पुन्हा ओतून घ्यायचा असेल, तर पुण्याच्या मालकाने लंडनकडे बघण्याआधी कोल्हापूरकडे बघावं. त्या शहराला जुन्या गाडीचं अप्रूप आहेच. राजाराम महाराजांची मेबॅक दर दसऱ्याला शाही सोहळ्यात रस्त्यावर निघते आणि लोक ती पाहायला गर्दी करतात.

गोतावळ्याबद्दल थोडं. इंग्लंडात एमजी कार क्लब १९३० पासून आहे आणि तिथे प्रत्येक मॉडेलची स्वतंत्र नोंदवही ठेवतात. आपल्याकडे मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आहे, आणि फिवाशी जोडलेलं फेडरेशन ऑफ हिस्टॉरिक व्हेइकल्स ऑफ इंडिया देशभरचं काम बघतं. रॅलीच्या दिवशी झेंडा दाखवणं आणि फोटो काढणं हे या मंडळींचं दिसणारं काम. मला महत्त्वाचं वाटतं ते न दिसणारं. चौघांनी मिळून गॅस्केटचे संच एकत्र मागवले तर पार्सलचा खर्च विभागतो. कुणाच्या गाडीत कोणता पाटा बसला, कोणत्या रिंगा चालल्या, कोणत्या लेथवर हेड झालं, याची वही एकाकडून दुसऱ्याकडे गेली तर तीच चूक पुन्हा होत नाही. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे कारागिराला काम पुरवत राहणं. रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडे आता प्लॅस्टिकच्या टाक्यांचे रेडिएटर येतात, जे दुरुस्त न करता फेकतात. डायनामोवाल्याच्या दुकानात डायनामो येतच नाही. त्याने दुकान बंद करून रिक्षाचे सुटे भाग विकायला घेतले, तर दोष त्याचा नाही. दहा मालकांनी ठरवलं की आपापला डायनामो, सेल्फ, वॉटर पंप दर दोन वर्षांनी, बिघडण्याची वाट न बघता, त्याच्याकडेच उघडून बघायला द्यायचा, तर त्याच्या बाकावर जुनं काम टिकतं.

पण त्याच्यानंतर कोण? गॅरेजातला पोऱ्या आता सेन्सर आणि स्कॅनर शिकतो, आणि ते त्याच्या पोटासाठी योग्यच आहे. जुनी विद्या त्याला फुकट शिक म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पुण्यातल्या मालकांनी एकत्र येऊन औंधच्या आयटीआयसारख्या संस्थेला अँबॅसिडरचं एक चालू बी-सिरीज इंजिन स्टँडवर बसवून द्यावं. सोबत दोन एसयू कार्बोरेटर, एक लुकासचा डायनामो आणि इंची पान्यांचा पूर्ण जोड. निवृत्तीला आलेल्या एखाद्या अँबॅसिडरच्या मिस्त्रीला आठवड्यातून एक दुपार मानधन देऊन तिथे शिकवायला बोलवावं. मोटर मेकॅनिकच्या मुलांपैकी ज्याला त्याची गोडी लागेल, त्याला सुट्टीत मालकांच्या गाड्यांवर रोजाने काम द्यावं. अँबॅसिडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. भंगारात जाणाऱ्या गाडीतून असं इंजिन काढून घ्यायला अजून वेळ आहे, आणि ते बांधून देणारा माणूस स्वारगेटपासून फार लांब नाही.